अकराची बॅग माझी मी बदलली

मी, पितांबर सदाशिव फिरके, वय एकसष्ट पूर्ण, दीपनगरच्या वीज केंद्रातून सेवानिवृत्त, राहणार वरणगाव, तालुका भुसावळ, जिल्हा जळगाव, आज रविवार दिनांक २९ जून १९९७ रोजी दुपारी पावणेबारा वाजता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहायला बसलो आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. दोन्ही किडन्या निकामी आहेत, पण मृत्युपत्र लिहायला किडन्या लागत नाहीत. माझ्यावर कोणाचा दाब नाही, कोणाची भीड नाही. यापूर्वी असा कागद मी केलेला नाही. वकीलसाहेबांनी "जड अंतःकरणाने लिहून ठेवतो की" असा कच्चा मसुदा करून दिला होता, तो मी फाडून टाकला. जड कोणाचे आहे अंतःकरण? अहो, आज मी इतका खूश आहे की सही करताना हात हलला तर तो आनंदाने हलला असे कोर्टाने समजावे!

कारण असे की आज सकाळी अकरा वाजता मी माझी बॅग एकट्याने बदलली. दाराला आतून कडी लावून, कोणीही शेजारी नसताना, पहिल्या पायरीपासून नळीला शेवटची टोपी लावेपर्यंत. घड्याळ लावून अडतीस मिनिटे. कुठेही बोट लागले नाही. बाहेर पडलेले पाणी नितळ! बॅगेखाली आजचा पेपर धरला आणि कापसाच्या भावाची बारीक अक्षरे सुद्धा वाचली. मी आतून ओरडलो, "झालं!" बाहेर माझी पत्नी घाबरली, तिला वाटले म्हातारा पडला.

कलम १. माझी माणसे. पत्नी कुंदाबाई. एकुलता मुलगा जीवराम, दीपनगरलाच इलेक्ट्रिशियन. सून सौ. सुनंदा, वय सत्तावीस, माहेर शिरपूर, बारावी पास. नात छकुली, वय पाच. याशिवाय धाकटा भाऊ तोताराम, जो रावेरकडे आमची वडिलोपार्जित केळी करतो, आणि थोरली बहीण बेबाबाई, जी एरंडोलला दिलेली आहे आणि कालपासून धुळ्याला शिकायला निघालेल्या सुनेला अडवायला म्हणून इथे मुक्कामाला आहे. वकीलसाहेब म्हणाले, "नाना, कायद्याने सुनेला वारस धरत नाहीत." मी म्हणालो, म्हणून तर कागद करतोय.

कलम २. ज्याला हा रोग माहीत नाही त्याच्यासाठी दोन ओळी. रक्त धुणारे मशीन आमच्यापासून लांब, आणि आठवड्यात दोनदा मुंबईला जाऊन माझा अर्धा जीव प्रवासातच जायचा. तेव्हा डॉक्टरांनी दुसरा मार्ग काढला. पोटात एक कायमची नळी बसवली. दोन लिटर औषधी पाण्याची बॅग उंच टांगायची, पाणी पोटात सोडायचे, चार-पाच तास ठेवायचे. रक्तातली घाण त्या पाण्यात उतरते. मग ते पाणी खाली काढायचे आणि ताजे भरायचे. सकाळी सहा, अकरा, दुपारी चार, रात्री नऊ. दिवसातून चार वेळा, सणवार, लग्नकार्य, सुतक काही न पाहता. नळीच्या तोंडाला नुसते बोट लागले तरी जंतू थेट पोटात. म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, तीन मिनिटे हात धुणे. हे घरच्यांनीच करायचे. नर्स येत नाही.

मुंबईला हे शिकायला आम्ही सगळे गेलो होतो. शिकवणाऱ्या सिस्टरने परीक्षा घेतली. जीवरामने पहिल्याच फटक्याला नळीच्या टोकाला अंगठा लावला. कुंदाबाई नळी पाहूनच खाली बसली, तिला ग्लुकोज पाजावे लागले. सुनंदा पहिल्या वेळेला पास! सिस्टर म्हणाली, "बाई, तुम्ही नर्सिंगला का नाही जात?" सुनंदा नुसती हसली. ते हसणे मी पाहिले होते. पाहिले नव्हते असे मी कुठेही म्हणणार नाही.

कलम ३. घरातली शिस्त. मी सव्वीस वर्षे बॉयलरचे पाणी शुद्ध करायच्या विभागात ऑपरेटर होतो. तिथे एक नियम देवासारखा पाळला: चार्ज घेणारा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. शिफ्ट संपली, भूक लागली, घरी कोणी आजारी आहे, काही चालत नाही. रिलिव्हर येईल, रजिस्टरमध्ये "चार्ज दिला, चार्ज घेतला" अशा दोन सह्या होतील, तेव्हाच डबा उचलायचा. हाच नियम मी घरी लावला. बॅगेचे रजिस्टर ठेवले. किती पाणी आत, किती बाहेर, रंग कसा, वजन, रक्तदाब, खाली सही. जीवराम चिडवायचा, "नाना, घराचं पॉवर हाऊस करून टाकलं तुम्ही." पण ह्या शिस्तीवर मी जिवंत आहे.

आता खरी गोष्ट. त्या रजिस्टरमध्ये दोन वर्षे "चार्ज दिला" खाली एकच सही आहे आणि "चार्ज घेतला" खालीही तीच. सौ. सुनंदा जीवराम फिरके. सकाळी सहाला तीच, रात्री नऊला तीच. भावाच्या लग्नाला ती शिरपूरला गेली ती अकराच्या बॅगनंतर (चारची त्या दिवशी डॉक्टरांच्या परवानगीने गाळली), आणि हळद लागायच्या आत एस.टी.ने परत फिरली, कारण मध्ये दोनदा गाडी बदलून नऊला इथे हात धुवायचे होते. मी नियम सांगत बसलो आणि तिला रिलिव्हर दिलाच नाही.

कलम ४. घर. वरणगावचे हे तीन खोल्यांचे घर कुंदाबाईच्या हयातीत कुंदाबाईचे. तिच्या पश्चात जीवराम व सुनंदा यांचे निम्मे-निम्मे, दोघांची नावे उताऱ्यावर लागावीत. मागची बॅगेची खोली मात्र आजपासून सुनंदाची. ह्या खोलीच्या आढ्याला जो हूक आहे त्याला आधी छकुलीचा पाळणा होता, आता माझी बॅग लटकते. माझ्यानंतर तिथे तिचे टेबल, तिची पुस्तके. तिथे कोणी कांद्याची पोती ठेवली तर मी वरून बघतो आहे हे लक्षात ठेवावे. फंडातले जे उरले असेल ते कुंदाबाईचे. तिने ते माझ्या तेराव्यावर उधळू नये. जी बाई माझ्यासाठी दोन वर्षे बिनमिठाचे जेवली, तिने त्यातून स्वतःसाठी एक चांगले लुगडे घ्यावे आणि झणझणीत वांग्याचे भरीत करून खावे.

कलम ५. जमीन. रावेरकडची माझ्या वाट्याची केळी तोताराम कसतो, त्यानेच कसावी. मी मागे त्याला चारचौघांत "बेअक्कल" म्हणालो होतो, तो शब्द परत घेतो. प्रसंग असा: डॉक्टरांनी सांगितले होते की बॅग पोटात सोडण्याआधी कोमट पाहिजे. मी आठ दिवस शेतावर राहायला गेलो तेव्हा तोतारामने विचार केला, आपल्याकडे गरम ठेवायची जागा कोणती? केळी पिकवायची खोली! सगळ्या बॅगा घडांच्या मधे मांडल्या, वर पाचट टाकले, धूर दिला, दार लिंपून घेतले. दुसऱ्या दिवशी उघडले तर बॅगांचे प्लास्टिक काळे आणि वास असा की वासानेच भूक लागावी. तो म्हणतो, "दादा, केयी चांगली पिकली, मंग पानी काहून खराब होईन?" एकही बॅग वापरता आली नाही. सोबत आलेल्या सुनंदाने धावपळ करून वेळेत भुसावळहून दोन बॅगा मागवल्या तेव्हा निभावले. पण त्याचा हेतू माझी काळजी हाच होता, हे मला कळायला वर्ष लागले. त्या प्रसंगानंतरच जीवरामने साठच्या बल्बची लाकडी पेटी केली, बॅगा तिच्यात गरम होतात. ती पेटी जीवरामने कोणाला तरी गरजवंताला द्यावी, मोडीत काढू नये.

कलम ६. बहीण बेबाबाई. हिला मी माझे नवे साबणाचे खोके आणि बारा मास्क देतो. कारण सगळ्यांना माहीत आहे. पद्मालयाच्या गणपतीचा अंगारा तिने श्रद्धेने आणला आणि मी झोपेत असताना नळीच्या मुळाशी चोळला. चौथ्या दिवशी पाणी ताकासारखे आले, ताप आला, पंधरा दिवस दवाखाना. गणपतीला मी दोष देत नाही. त्याने अंगारा कपाळाला लावायला दिला होता. अक्का, तू रडलीस तेव्हाच मी तुला माफ केले. पण काल तू ओट्यावर बसून जे बोललीस ते मला पटले नाही. "अरे भाऊ, सून धुयाले गेली तं तुह्यं कोन करीन? माहेर जवय पडते म्हून चालली ती. लोक थुंकतीन तुह्या तोंडावर." अक्का, आज सकाळी अकराला तुझ्या प्रश्नाचे उत्तर आतून कडी लावून बसले होते. मास्क वापरत जा.

कलम ७. हत्यारे व किरकोळ. पाने, पक्कड, मल्टिमीटर जीवरामला. मनगटी घड्याळ सुनंदाला, त्याला सेकंद काटा आहे, नाडी मोजायला उपयोगी पडेल. ह्या घड्याळावर मी आयुष्यभर एका माणसाची वाट पाहिली, तो म्हणजे निंबा गोविंदा चौधरी, माझा शिफ्टचा रिलिव्हर. कायम उशीर! जीवराम जन्मला त्या सकाळी हा एक तास वीस मिनिटे उशिरा आला, आणि मी नियमाप्रमाणे जागा सोडली नाही. घरी पोचलो तर पोराला न्हाऊ घालून झाले होते. अठ्ठावीस वर्षे हा राग मी धरून आहे. आज ह्या कागदावर साक्षीदार म्हणून त्याला बारा वाजता बोलावले आणि गडी दहा मिनिटे आधी हजर! तो राग मी आज सोडतो. सोडण्याचे खरे कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ८. हे कलम लिहिताना मघाचा आनंद जरा बाजूला ठेवतो.

मुंबईच्या सिस्टरचे बोलणे सुनंदाच्या मनात राहिले होते. गेल्या वर्षी तिने धुळ्याच्या नर्सिंगच्या शाळेचा फॉर्म आणला. अठरा महिन्यांचे शिक्षण, लग्न झालेल्या बायाही चालतात. फॉर्म मीच भरून दिला, माझे अक्षर चांगले म्हणून. १९९६ च्या जूनमध्ये निवडीचे पत्र आले. पोस्टमनने ते माझ्या हातात दिले. मी ओट्यावर बसलो होतो, ती आत माझ्या अकराच्या बॅगसाठी हात धुत होती, नळाचा आवाज येत होता. मी पत्र वाचले. एक जुलैला हजर व्हा, असे होते. ही गेली तर मी महिन्याभरात मेलो, दुसरे काही सुचले नाही. मी ते पत्र बॅगांच्या एका रिकाम्या खोक्यात टाकले, खोके माळ्यावर ढकलले आणि आत जाऊन पलंगावर झोपलो. तिने मास्क लावला आणि माझी बॅग बदलली.

जुलै उलटला. ती एकदा म्हणाली, "नंबर नसेल लागला नाना." मी म्हणालो, "पुढच्या वर्षी बघू." त्या दुपारी ती न्हाणीघरात बराच वेळ होती, डोळे लाल करून आली, तीन मिनिटे हात धुतले आणि चारची बॅग साडेचारला घेतली. दोन वर्षांत तेवढा एकच उशीर रजिस्टरमध्ये आहे. पुढे रद्दीवाला खोकी घेऊन गेला. मी म्हणालो, सुटलो.

सुटलो कसला! निंबाने माझा एक तास वीस मिनिटे खाल्ली, मी तिचे अख्खे वर्ष खाल्ले. मी तिचा रिलिव्हर होतो आणि मी आलोच नाही.

तेव्हापासून मन खाऊ लागले आणि मी स्वतःहून बॅग शिकायचे ठरवले. गेल्या पोळ्याची गोष्ट. त्या दिवशी योगायोगाने सुनंदाचा हात दुखत होता, ती म्हणाली, "नाना, तेवढी नळीची चिमटी तुम्ही उघडता का?" मी उघडली. मग कधी तिला चष्मा सापडेना, बॅगेवरची तारीख मला वाचायला लावी. कधी छकुली रडे, टोपी मला लावायला लागे. संधी साधून मी एकेक पायरी शिकत गेलो. होळीपर्यंत निम्मे काम माझे. हात बसावा म्हणून केळीच्या खोडाच्या सोपटावर जुनी नळी जोडायचा सराव केला. गेल्या महिन्यात तिने शेजारी उभे राहून चौदा वेळा माझी परीक्षा घेतली. दोनदा नापास केले, तोंडावर! काल रजिस्टरमध्ये लिहिले, "नाना स्वतंत्र ड्युटीस पात्र", खाली सही. माझ्या नोकरीतल्या कुठल्याही बढतीने मला एवढा आनंद दिलेला नाही.

यंदा तिने पुन्हा फॉर्म भरला. पुन्हा पत्र आले, पुन्हा पोस्टमनने माझ्याच हातात दिले. ह्या वेळी मी ओट्यावरून ओरडत आत गेलो. परवा एक तारखेला हजर व्हायचे आहे. उद्या सकाळची धुळ्याची एस.टी.

हे कलम माझ्या मरणानंतर उघडावे असा विचार होता, पाकीटही आणून ठेवले होते. पण मेल्यावर कबुली देणे म्हणजे चार्ज न देता पळून जाणे. म्हणून हा सगळा कागद मी आत्ता, जेवणाआधी, सर्वांसमोर मोठ्याने वाचणार आहे. मग सुनंदाने मला काय म्हणायचे ते म्हणावे.

कलम ९. वकीलसाहेब म्हणतात मृत्युपत्र मेल्यानंतर लागू होते. हे एक कलम आजच लागू आहे. सहा, अकरा आणि चारची बॅग मी स्वतः घेईन. रात्री नऊची जीवराम, ह्या वेळी अंगठा सांभाळून. छकुलीचे कुंदाबाईने पाहावे. मला ताप आला, पाणी गढूळ आले, तर दवाखान्यात न्यावे, सुनंदाला शिक्षण सोडून बोलावू नये. मी गेलो तरी तिची परीक्षा असेल तर परीक्षा द्यावी, तोंड पाहायला येऊ नये. माझे तोंड तिने हजार वेळा पाहिले आहे. हे कलम जो मोडेल त्याला ह्या कागदातले काहीही मिळू नये.

कलम १०. माझ्यानंतर उरलेल्या बॅगा मुंबईच्या त्याच सिस्टरकडे पोचवाव्यात, एखाद्या गरिबाचे चार दिवस निघतील. रजिस्टरे जाळू नयेत. ती सुनंदाची आहेत.

वरील सर्व मजकूर मीच लिहिला, मला मान्य आहे.

सही: पितांबर सदाशिव फिरके

साक्षीदार: १) निंबा गोविंदा चौधरी, दीपनगर. २) ताईबाई रामदास झोपे, शेजारीण, वरणगाव.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी अडीच वाजता लिहिलेली.

कागद वाचून झाला. आठवे कलम माझ्याने वाचवले नाही, ते निंबाने वाचले. कुंदाबाई म्हणाली, "तिच्या हातचं पाणी पोटात घेताना लाज नाही वाटली तुम्हाला?" मी म्हणालो, वाटली. जीवराम उठून ओट्यावर गेला.

सुनंदा आत गेली. गेल्या वर्षाचे रजिस्टर घेऊन आली. त्याच्या खाकी कव्हरच्या घडीतून तिने एक पत्र काढले आणि माझ्यासमोर ठेवले. तेच पत्र!

"रद्दीला देण्याआधी प्रत्येक खोक्यात मी हात घालून बघते, नाना," ती म्हणाली. "एखादी टोपी राहिलेली असते. हे श्रावणात सापडलं. तारीख होऊन गेली होती."

मी विचारले, "मग बोलली का नाहीस?"

"बोलली असती तर तुम्ही आणखी घाबरले असते. तुम्हाला बॅग येत नव्हती म्हणून तुम्ही तसं केलं. मग म्हटलं, आधी तुम्हाला बॅग यायला पाहिजे." पुढे म्हणाली, "राग आला होता मला. खूप आला होता. चार दिवस तुमच्याकडे बघवत नव्हतं. पण बॅग तर बदलायचीच होती."

"आणि पोळ्याला हात दुखत होता तो?"

"नव्हता दुखत," ती म्हणाली. "चष्मा पण डोक्यावरच होता."

तेव्हा मी रडलो. सगळ्यांसमोर, अक्कासमोर सुद्धा. ताईबाईने पाणी आणून दिले, आणि सुनंदाने मोजून एकच पेला पिऊ दिला.

सबब मी मूळ कागदात पुढीलप्रमाणे दुरुस्ती करतो. कलम ८ मधील "मी स्वतःहून बॅग शिकायचे ठरवले" हे शब्द रद्द समजावेत, आणि त्या जागी "मला सुनंदाने शिकवले" असे वाचावे. त्याच कलमातील "योगायोगाने" हा शब्दही खोडला आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे.

ही दुरुस्ती वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांनी पुन्हा सह्या केल्या. निंबा म्हणाला, "सही करायला चष्मा पाहिजे," आणि कारण नसताना चष्मा पुसत बसला.

पितांबर सदाशिव फिरके
निंबा गोविंदा चौधरी
ताईबाई रामदास झोपे

मुक्काम वरणगाव, दिनांक २९ जून १९९७.

बॅगेच्या रजिस्टरची आजची चारची नोंद ह्या कागदाचा भाग म्हणून मागाहून खाली उतरवून घेतली आहे:

दुपारी ४.००. पाणी नितळ. वजन ५१. तक्रार नाही.
चार्ज दिला: सुनंदा.
चार्ज घेतला: पितांबर.